पंढरीमामाच्या विटा

"उद्या अकराला सुनावणी आहे, आणि या घरात अजून आपला माणूस कोण आणि परका कोण यावरच चर्चा चालू आहे," कल्पना म्हणाली.

"यार, आवाज़ नीचे," सुधीर म्हणाला. "बाबा सुन रहे हैं."

"ऐकू देत. नोटीस त्यांच्याच नावाची आहे. तुझ्या किंवा माझ्या नाही."

नवऱ्याने हिंदीत बोलायचं आणि तिने मराठीत उत्तर द्यायचं, ही या घरातली चार वर्षांची रीत. सुधीर लखनौतच वाढला होता. भांडण असलं की त्याच्या तोंडातलं मराठी पार नाहीसं व्हायचं.

नोटीस येऊन बारा दिवस झाले होते. शहराबाहेर बख्शी का तालाब या गावाच्या बाजूला एक वीटभट्टी आहे, तिचे श्री. दिनकर कोलते हे चार आणे, म्हणजे चौथ्या हिश्श्याचे, भागीदार आहेत, आणि तीन वर्षांचा नफा त्यांनी आयकर खात्यापासून लपवला, असं त्यात म्हटलं होतं. दिनकरराव एकतीस वर्षं सरकारी संशोधन संस्थेत आंब्याच्या पानांवरची बुरशी बघत आले होते. ती भट्टी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण भागीदारीच्या कराराखाली सही होती ती त्यांचीच. खोटी नव्हे, खरी. "कोलते"मधला ल जरा लंगडा, तोच.

ती सही तिथे कशी पोचली, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि नाव कोणी घेत नव्हतं.

दर जूनच्या शेवटच्या रविवारी पंढरीनाथ यायचा. लीलावतीबाईंचा धाकटा भाऊ, इन्कमटॅक्सचा सल्लागार. लखनौतल्या चाळीसेक मराठी घरांचे कागद त्याच्याकडे. बँकवाले, प्रोफेसर, सायंटिस्ट, सगळे त्याचे. प्रत्येक घरात त्याला जेवू घालायचं, मग टेबल पुसून तो कोरे फॉर्म पसरायचा, पेन्सिलीने फुल्या मारायचा, आणि घरमालक फुलीपाशी सह्या करायचा. वाचायचं नाही. आपल्या माणसासमोर कागद वाचत बसणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. स्लाइडवर एक डाग दिसला तर तीनदा काच बदलणारे हे शास्त्रज्ञ लोक कोऱ्या कागदावर सह्या करत होते आणि वर बडीशेप चघळत होते. याला ते संस्कार म्हणत. खरा शब्द आळस.

"पंढरी दुपारी जेवायला येतोय," आतून लीलावतीबाईंचा आवाज आला. "त्याने काढलाय मार्ग. तो येईपर्यंत कोणी काही करायचं नाही."

"आई, मार्ग त्यांनीच बंद केलाय," कल्पना म्हणाली.

"तू चार वर्षांपूर्वी आलीस या घरात. पंढरीला मी बोट धरून अकोल्याहून आणलंय. चारबाग स्टेशनवर उतरलो तेव्हा त्याच्या पायात चप्पल नव्हती."

"आता मोटार आहे."

"कल्पना!" सुधीर ओरडला. हे मात्र मराठीत.

दिनकरराव बाहेरच्या खोलीतून उठले. उन्हात जायची टोपी घातली. सुनेकडे बघत म्हणाले, "चल. तुझ्या त्या निगमसाहेबांनी दहाला बोलावलंय ना?"

"अहो," लीलावतीबाई दाराशी आल्या, हाताला कणीक, "परक्या माणसासमोर घरचं उघडं करणार?"

"खात्याने आधीच उघडं केलंय," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

*

निगम वकील कल्पनाला कोणी सांगितलेला नव्हता. सांगितलेली नावं होती सहा, आणि सहाही जणांनी पहिल्या पाच मिनिटांत साहेबाचा "रेट" सांगितला होता. मग तिने बँकेतून अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या दोन रजा घेतल्या आणि आयकर कार्यालयाच्या वऱ्हांड्यात बाकावर जाऊन बसली. नुसतं बघत. कोण मिठाईचा पुडा घेऊन आत जातो, कोण शिपायाच्या खांद्यावर हात ठेवतो, कोण पक्षकाराला बाहेर उभं करून स्वतः आत हसत बसतो. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा आला. कापडी पिशवीत फायली. तो आत गेला आणि वीस मिनिटं आतून भांडणाचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा कोणी त्याला सलाम केला नाही.

तिने शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "निगम साहब हैं. इनको तो साहब लोग पानी तक नहीं पूछते."

तिथेच तिने ठरवलं.

शुक्रवारी दिनकररावांनी निगमच्या अधिकारपत्रावर सही केली. तीही त्याने ते दोनदा वाचायला लावलं, मगच. शनिवारी निगमने खात्यात जाऊन फाईल बघितली. आणि आज रविवारी कैसरबागेत चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत, बनियनवर, मानेला घामोळ्यांची पावडर थापून तो बसला होता. वीज गेली होती. जगदंबा प्रसाद निगम हातातल्या फाईलीनेच वारा घेत होता.

"कोलते साहब, एक बात पूछूँगा. सीधा जवाब दीजिएगा. इंदिरा नगर वाला मकान कब बनवाया?"

"उनासी में. सन उनासी."

"ईंटें कहाँ से आईं?"

दिनकररावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. कल्पनाने त्यांच्याकडे पाहिलं. घर बांधलं तेव्हा ती या घरात नव्हती.

"मेरे साले ने दिलवाई थीं," ते म्हणाले. "जान-पहचान के भट्ठे से."

निगमने फाईल उघडली. उर्दू वळणाच्या हिंदीत त्याने स्वतःच्या हाताने उतरवून आणलेला एक कागद होता. बोट ठेवून वाचला. "भट्ठे की बही. नवंबर उनासी. दिनकर कोलते, हिस्सेदार, के नाम. तीस हज़ार ईंट. सात हज़ार रुपये. समझे आप? बही में लिखा है कि मुनाफ़े का हिस्सा आपने ईंटों में उठा लिया. आप कहेंगे मैं भागीदार नहीं. वो पूछेगा, फिर ये मकान किस चीज़ का बना है?"

"मैंने पैसे दिए थे!" दिनकरराव जवळजवळ उभे राहिले. "पूरे सात हज़ार. प्रॉविडेंट फंड से निकाले थे."

"किसको दिए?"

"पत्नी को. उसको देने के लिए. साले को."

"रसीद?"

"भाई से रसीद कौन लेता है, निगम साहब?"

"जिसको बाद में मेरे पास आना होता है, वो नहीं लेता."

कल्पनाला हसू आलं आणि तिने ते दाबलं. सासरे हसण्याच्या परिस्थितीत नव्हते. त्यांच्या टोपीखालून घाम गळत होता आणि ते तो पुसत नव्हते.

"मामांचं म्हणणं असं," ती म्हणाली, मग सावरून हिंदीत आली, "मामाजी कहते हैं कि मान लो, टैक्स भर दो, पैसा भट्ठेवाला सेठ देगा. बात ख़त्म."

"बहुत अच्छा." निगमने फाईल मिटली. "लिखकर मान लीजिए कि सरकारी नौकर होकर, बिना इजाज़त, तीन साल भट्ठा चलाया. टैक्स सेठ भरेगा. वो काग़ज़ आपके दफ़्तर पहुँचेगा, दो महीने में आप रिटायर हो रहे हैं, और पेंशन के काग़ज़ पर बैठ जाएगी इन्क्वायरी. वो भी सेठ भरेगा?"

खाली रस्त्यावर रिक्षाची घंटी वाजली. दिनकररावांनी विचारलं, "मग... तो फिर क्या करें?"

"सच. पूरा, आधा नहीं. आपने कोरे काग़ज़ पर दस्तख़त किए, ये आप लिखेंगे. बेवक़ूफ़ी जुर्म नहीं है. लेकिन सात हज़ार का क्या हुआ, ये आप नहीं बता सकते. वो आपकी मेमसाहब बताएँगी. हलफ़नामे पर. भाई का नाम लेकर."

"आणि नाही बोलली तर?" हे दिनकरराव मराठीतच म्हणाले. निगमला ते कळलं असावं.

"तो कोई और देख लीजिए. मैं नेक-वेक कुछ नहीं हूँ, साहब. पच्चीस साल से उस दफ़्तर में लड़ रहा हूँ. एक बार झूठ पकड़ा गया तो अगले दिन मेरी बाक़ी फाइलें कौन मानेगा? फ़ीस तीन सौ है. सवेरे साढ़े दस. आप अकेले आए तो मैं लौट जाऊँगा."

*

पंढरीनाथ बाराला आला. दशहरी आंब्यांची पेटी घेऊन. आल्या आल्या बहिणीच्या पाया पडला, भाच्याच्या पाठीत थाप मारली, सुनेला म्हणाला, "काय मॅनेजरीणबाई, आमच्यावर सीआयडी लावली म्हणे?"

"बाकावर बसले होते मामा. बाकावर बसायला पैसे पडत नाहीत."

"हा हा! जीभ बघ. भाऊजी, अशी सून मिळाली, तुम्हाला वकिलाची गरजच काय?"

दिनकरराव हसले नाहीत. टेबलावर ताटं मांडली होती. आमरस-पुरी, बटाट्याची भाजी. पंढरीनाथने जेवणाआधीच कागद काढला. "हे आधी उरकू. म्हणजे रस गोड लागेल. भाऊजी, साहेबाशी माझं बोलणं झालंय. ही कबुली. भागीदार होतो, दाखवायचं राहून गेलं, कर भरतो. दंड नाही. पंचवीस हजार होतात व्याजासकट, ते शेठ भरतोय. आपल्या खिशातून दमडी नाही. इथे सही."

पेन्सिलीची फुली होती.

"मग करून टाका ना बाबा," सुधीर म्हणाला. "छुट्टी. मामा रिस्क तो ले रहे हैं न."

"कसली रिस्क, सुधीर?" कल्पनाने शांतपणे विचारलं. "बाबा सरकारी नोकर आहेत. धंदा केला हे लिहून दिलं तर पेन्शनचं काय होईल, विचारलंस मामांना?"

सुधीरचा हात रसाच्या वाटीत थांबला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो खासगी कंपनीत होता, त्याला पेन्शन हा शब्द माहीत होता, त्याचे नियम नव्हते. त्याने मामाकडे पाहिलं. "मामा? ये सच है?"

"दोन खाती वेगळी असतात रे. कोण कुणाला कळवतंय?"

"हेच म्हणाला होतास तू," दिनकरराव म्हणाले, "परवा. भट्टीची फाईल एका कपाटात, माझी दुसऱ्या. कोण जुळवणार, असं वाटलं होतं तुला. जुळवली ना कोणीतरी."

"मामा, हाँ या ना?" सुधीरचा आवाज चढला. "पेन्शन रुक सकती है?"

पंढरीनाथने रुमालाने चष्मा पुसला. तेवढ्यावरून सुधीरला कळलं. त्याने कबुलीचा कागद उचलला, बघितला आणि बापापासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

लीलावतीबाई पुऱ्या तळत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. हा भाऊ सहा वर्षं त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात झोपला होता. संध्याकाळच्या कॉलेजातून आला की त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं जेवण गरम करायचं, आणि नवरा उठू नये म्हणून भांड्याचा आवाज करायचा नाही. बी.कॉम. झाला तेव्हा पेढे याच हातांनी वाटले. तो चोर असेल तर ही चोरी आपल्याच चुलीवर शिजलेली, असं त्यांना वाटत होतं, आणि वाटू नये म्हणून त्या बारा दिवस सगळ्यांशी भांडत होत्या.

"लीला," दिनकररावांनी हाक मारली. "जरा बाहेर ये."

त्या आल्या. हातात झारा तसाच.

"भट्टीच्या वहीत आपल्या विटांची नोंद आहे. मी तुला सात हजार दिले होते. विटांचे. पंढरीला द्यायला. तू दिलेस ना?"

पंढरीनाथ पटकन म्हणाला, "ताई, जुनं कशाला उकरायचं? दिले-घेतले, घरातलंच होतं."

त्यांनी भावाकडे बघितलं. तो त्यांच्याकडे असा बघत होता की जणू दोघांमध्ये काही करार झालेला आहे. आणि झालेला होताच. एकोणऐंशीची भाऊबीज. ओवाळून झाल्यावर त्याने ताटात दरवर्षीचे अकरा रुपये घातले नव्हते. त्यांना हात धरून फाटकाशी नेलं होतं. पहिल्या तीन ट्रॉल्या लाल विटा, अजून भट्टीच्या उबेतल्या. "ही ओवाळणी," म्हणाला होता. "पैसे दिलेस तर मी या घरात पाऊल टाकणार नाही." ओवाळणीची पावती मागायची कशी? ओवाळणी मोजायची तरी कशी? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने विटा परत पाठवल्या असत्या, भावाचा अपमान झाला असता. आणि हातात सात हजार होते. नवरा म्हणत होता, खाली कोबा पुरे. एकोणीस वर्षं सरकारी क्वार्टरच्या उखडलेल्या जमिनीवर पोछा मारलेल्या बाईला कोबा नको होता.

"नाही दिले," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मोझेक घातलं. तुम्ही उभे आहात त्याच्यावर."

 दिनकररावांनी खाली पाहिलं, मग पाय उचलावा की ठेवावा हे न कळल्यासारखं अंगठा दुमडून घेतला.

"विटा भाऊबीजेला आल्या," लीलावतीबाई म्हणाल्या. आता थांबता येत नव्हतं. "मला ओवाळणी म्हणून. पंढरी, तुझ्या वहीत त्या कोणाच्या नावावर आहेत?"

"ताई, ते शेठचा मुनीम..."

"कोणाच्या?"

"बाबांच्या," कल्पना म्हणाली. "भागीदाराने नफा उचलला म्हणून लिहिलंय."

लीलावतीबाईंनी झारा टेबलावर ठेवला. तेल कबुलीच्या कागदावर सांडलं. "म्हणजे तू मला ओवाळणी घातलीच नाहीस. त्यांच्या नावाचं भाडं दिलंस. आणि ते मी घेतलं. ओवाळून घेतलं!"

"ताई, ऐक माझं. चाळीस घरं आहेत माझ्याकडे. तू तिथे येऊन एक शब्द बोललीस तर दुकान उद्या बंद. आमच्या मीनाक्षीचं लग्न ठरतंय. लोक काय म्हणतील, सख्ख्या बहिणीने..."

"आणखी किती घरांच्या सह्या अशा वापरल्यास?"

तो रुमालाची घडी घालू लागला. सुधीरने पुन्हा विचारलं, "कितने, मामा?" 

पंढरीनाथ उठला. बहिणीला वाटलं, आता तो पाया पडेल, रडेल, लहानपणी रडायचा तसा नाक वर ओढत. तसं झालं असतं तर कदाचित त्या विरघळल्या असत्या, हे त्यांचं त्यांना माहीत होतं. पण तो म्हणाला, "तू पण घेतलेस ताई सात हजार. नवऱ्याचे. हे पण सांगशील ना तिथे? सरकारी साहेबासमोर?"

"सांगीन."

"शोभेल?"

"जेवायचं असेल तर बस. पुऱ्या गार होतायत. जायचं असेल तर आंबे घेऊन जा."

तो गेला. आंबे तसेच राहिले. फाटकाशी मोटार दोनदा सुरू झाली नाही, तिसऱ्यांदा झाली. 

*

तीन वाजता कल्पना वही घेऊन बसली. हलफनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, हिंदीत लागणार होता. सासू मराठीत सांगत होती, ती हिंदीत उतरवत होती. बाहेर तापल्या वाऱ्याची लू सुटली होती आणि कूलरमधलं पाणी संपलेलं, सुधीर बादल्या भरून ओतत होता. दर फेरीला एकदा थांबून ऐकत होता आणि पुन्हा नळाकडे जात होता.

दिनकरराव खिडकीशी, खोलीकडे पाठ करून बसले होते. दुपारपासून बायकोशी ते एक अक्षर बोलले नव्हते. रागावले होते, पण राग कोणावर काढायचा याची जागा त्यांना सापडत नव्हती. पंढरीवर काढावा तर सह्या आपल्या. बायकोवर काढावा तर उद्या तिच्या शब्दावर पेन्शन.

"पुढे, आई?"

"लिही, विटांचे पैसे माझ्या पतीने मला दिले. ते मी भावाला दिले नाहीत. घराच्या फरशीवर खर्च केले."

"केले. पुढे?"

"ही गोष्ट मी पतीपासून लपवली. त्यांना काही माहीत नव्हतं."

"बस, इतकं पुरे आहे," कल्पना म्हणाली. "निगमसाहेबांना हेच हवंय. सही करा."

"थांब." लीलावतीबाईंनी पदराने तोंड पुसलं. "अजून एक ओळ. त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नाही. विटा आल्या, विचारलं नाही. फरशी कोणत्या पैशाने आली, विचारलं नाही. कशावर सही करतोय, विचारलं नाही. सत्तावीस वर्षं ते पगार माझ्या हातात ठेवून पेपर उघडत आले. सगळं खरं लिहायचं म्हणतात ना तुझे साहेब? मग हे का सुटावं?"

कल्पनाचा हात थांबला. तिने सासूकडे पाहिलं, मग खिडकीकडच्या पाठीकडे. "आई, याची कायद्याला गरज नाही."

"मला आहे."

सुधीर दारात बादली घेऊन उभा होता. पाणी त्याच्या पायावर सांडत होतं.

"बाबा," कल्पनाने विचारलं, "काय करू?"

 दिनकरराव खुर्ची सरकवून टेबलाशी आले, चष्मा चढवला आणि वहीतलं पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं. शेवटच्या ओळीपाशी आले तेव्हा पुढे कोरा कागद होता.

"लिही," ते म्हणाले. "तेही लिही."